जक्कूचा विलायतेचा दाखला

निपाणीच्या पेठेत पद्माक्काएवढी चौकस बाई दुसरी नव्हती. कुणाच्या वखारीत कुठल्या गावची तंबाखू आली, कुणाच्या सुनेला कितवा महिना लागला, मोटारीचा दिवा तेलाविना कसा पेटतो, सगळं तिला कळायला हवं. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, पोरबाळ नाही, वखार दीर गुंडाप्पा बघायचा. विचारायला तिला वेळ भरपूर होता आणि विचारायची लाज म्हणाल तर ती तिला जन्मात शिवली नव्हती.

शेजारच्या दवाखान्यातली गोरी मिसबाई चौदा वर्षांनी कायमची विलायतेला निघाली. आपलं कुत्रं जॅकही बरोबर नेणार म्हणाली, तेव्हा सगळी पेठ हसली. पद्माक्का मात्र हसली नाही. ती सरळ दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन बसली.

"कुत्र्याला बी तिकीट लागतंय?"

"लागते. बोटीचे साठ रुपये."

"आणि निजायचं कुठं त्यानं?"

"भरमा सुताराने पेटी केली. बारा रुपये."

"बरं, उतरल्यावर?"

मिसबाईनं उसासा टाकला. "उतरल्यावर सरकार त्याला सहा महिने कोंडून ठेवणार. पिसाळलेला नाही ना, ते बघायला. त्या सहा महिन्यांचे पावणेदोनशे मी द्यायचे."

"कोंडणार त्यांनी आणि पैसं तुम्ही द्यायचं? गुन्हा काय केला त्यानं?"

"काही नाही."

"अगं बाई," पद्माक्का म्हणाली आणि गालाला हात लावून बसली. चिकोडीच्या कचेरीत खऱ्या चोराला तीनच महिन्यांची सजा झालेली तिनं ऐकली होती. मिसबाईनं सायकल विकली, पेटी विकली, वाजवायची हो, कुत्र्याची नव्हे, तेव्हा कुठं हा मेळ बसला होता. तिला पुढं-मागं कुणी नव्हतं. तिकडं घरात एक म्हातारी आई तेवढी होती, तीही गेल्या साली वारली.

पण जॅकची एक गोष्ट मिसबाईला ठाऊक नव्हती. संध्याकाळी दवाखान्यात गर्दी असायची, तेव्हा तो मागच्या दारानं पद्माक्काकडं यायचा. तिनं त्याचं नाव जक्कू करून टाकलं होतं. घर जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं आणि मग सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. आधी पद्माक्कानं भाकरीचा घास तोंडात घालायचा, मग जक्कूनं. पिल्लू होता तेव्हापासून हेच बघत आलेला. दिवा लागला की मिसबाईनं बिस्कीट पुढं केलं तरी तो तोंड फिरवायचा आणि तिला वाटायचं, पोट भरलं असेल. पद्माक्काला याचा भारी अभिमान. "आमच्या गुंडाप्पापरीस कडक हाय," असं ती म्हणायची. गुंडाप्पा बेळगावला गेला की रात्री भजी खातो हे तिनं शोधून काढलं होतं.

हा जक्कू आता जाणार म्हणून तिचा जीव तीळतीळ तुटत होता. ते मात्र तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

बोटीवर चढायला जनावरांच्या डॉक्टरचा दाखला हवा होता. डॉक्टर बेळगावहून दुपारी यायचा, पण संकेश्वरजवळ मोटारीचं चाक बसलं आणि तो पोचला तेव्हा दवाखान्यात कंदील लागला होता. त्यानं जॅकचे डोळे बघितले, दात बघितले. मग पाण्याचा वाडगा पुढं सरकवला.

जक्कूनं तोंड फिरवलं. दूध आणलं. तिकडंही बघेना.

डॉक्टर दोन पावलं मागं सरला. "पाणी नको म्हणणारं कुत्रं म्हणजे पिसाळल्याचा संशय आहे. मी सही करणार नाही. दहा दिवस साखळीला बांधा, जगलं तर पुढचं बघू."

"बोट शनिवारी आहे," मिसबाई म्हणाली.

"मग ते इथंच राहील."

इथंच राहील. दारात उभी पद्माक्का एक पाऊल आत आली. तिला काही करावंच लागणार नव्हतं, नुसतं गप बसलं की जक्कू तिचाच. मिसबाई रिकाम्या पेटीवर बसली आणि खाली बघतच म्हणाली, "पद्माक्का, तुम्ही सांभाळाल त्याला?"

पद्माक्का व्हय म्हणणारच होती. तेवढ्यात कंपाउंडरनं साखळी आणली आणि लांबूनच, भीत भीत, जक्कूच्या गळ्यात अडकवली. जक्कू पद्माक्काकडं बघत बसला. आपल्या घरचं वळण पाळलं म्हणून या गुणाच्या लेकराला पिसाळलेला म्हणतात, आणि आपण ऐकून घेतोय? तिला स्वतःचीच चीड आली.

"डॉक्टरसाहेब, तो पिसाळलेला न्हाय. दिवस मावळल्यावर आमच्यात पाणी पीत न्हाईत."

"तुमच्यात," डॉक्टर हसला. "कुत्र्यातही?"

पद्माक्कानं कोपऱ्यातला तांब्या उचलला.

"वैनी, काय करताय?" तिला शोधत मागून आलेला गुंडाप्पा म्हणाला.

नवव्या वर्षापासून तिनं दिव्याच्या उजेडात पाणी तोंडाला लावलं नव्हतं. प्लेगात तापानं फणफणली होती तेव्हासुद्धा नाही. ती जक्कूसमोर खाली बसली, कंदिलाकडं एकदा बघितलं आणि एक घोट प्याली. मग वाडगा त्याच्यापुढं केला.

जक्कूनं तिच्याकडं बघितलं, कंदिलाकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं. आणि लपालपा सगळा वाडगा संपवला. डॉक्टरनं दाखला पुढं ओढला आणि सही केली.

सकाळच्या मोटारीनं जक्कू गेला. पद्माक्का बस्तीत देवापुढं गेली आणि रात्रीच्या त्या घोटाचं प्रायश्चित्त म्हणून तिनं नेम धरला, जक्कू सुटेपर्यंत एकच वेळ जेवायचं. गुंडाप्पा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. नंतर बोलायला लागला, आणि बेळगावातली रात्रीची भजीही त्यानं सोडली.

आठ महिन्यांनी मिसबाईचं पत्र आलं. गुंडाप्पानं ते मोठ्यानं वाचलं. तिथं हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो आणि कोंडवाड्यात जेवण पाचला. जॅक चार दिवस उपाशी राहिला. मग मिसबाईनं तिथल्या राखणदाराला निपाणीचा तो घोट सांगितला. राखणदार आपलं ताट घेऊन त्याच्यासमोर बसला, आधी स्वतः घास घेतला, मग जॅकनं. रोज, सहा महिने. आता जॅक घरी आहे.

पद्माक्कानं पदरानं डोळे पुसले.

"गुंडाप्पा," ती मग म्हणाली, "त्या राखणदाराचं नाव काय म्हणं? आणि त्याला पोरंबाळं किती? इचारून घे पत्रात."