सी थ्री म्हणजे तिसरा वर्ग

साल चौऱ्याऐंशी. मिरकरवाडा बंदराच्या रस्त्याला माझं बेअरिंगचं दुकान होतं, आणि बेअरिंगमधलं आत्माराम मयेकरला सगळं कळतं, अशी रत्नागिरीत समजूत होती. ती समजूत पसरवायला मी स्वतः दहा वर्षं खर्ची घातली होती.

बेअरिंग निवडायची माझी एक पद्धत होती. गिऱ्हाइकासमोर ते कानाशी धरायचं, डोळे मिटायचे, हलवायचं आणि जरा वेळानं मान डोलवायची. खुळखुळलं तर वाईट, घट्ट असलं तर उत्तम. काही बेअरिंगांवर नंबरापुढे 'सी थ्री' अशी अक्षरं असत. ती नेमकी जरा खुळखुळत. त्यावरून मी अनुमान काढलं होतं की सी म्हणजे क्लास आणि थ्री म्हणजे तिसरा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याच डोक्यातून निघाल्यामुळे त्यावर माझा फार विश्वास होता. असा माल आला की मी तो परत पाठवायचो आणि गिऱ्हाइकांना सांगायचो, "आपल्याकडे तिसऱ्या वर्गाचं काही मिळत नाही."

नोव्हेंबरात येसूबाई दुकानात आल्या. नवरा परदेशी जहाजावर, त्यामुळे मासेमारीची बोट त्याच चालवून घेत. बोटीच्या गिअरबॉक्समधलं, क्लचच्या शाफ्टवरचं बेअरिंग गेलं होतं. जुनं त्यांनी रॉकेलनं घासूनपुसून रुमालात बांधून आणलं होतं.

मी त्याच नंबराचं नवं काढलं, कानाशी धरलं, डोळे मिटले.

"आत्मारामभाऊ," येसूबाई म्हणाल्या, "नंबर जुळतोय. पण जुन्यावर पुढं सी नि तीन लिवलाय. तुमच्या नव्यावर ता नाय."

मी डोळे उघडले. "वहिनी, जुनं तिसऱ्या वर्गाचं होतं. म्हणूनच गेलं."

"सहा वर्सां चाललां की वो."

"नशीब तुमचं!" मी म्हणालो. त्या सातवी शिकलेल्या, मी मॅट्रिकला दोनदा बसलेला. विषय तिथेच संपला.

दोन दिवसांनी बोट निघाली तेव्हा मीही चढलो. काही गरज नव्हती. बेअरिंग कसं मस्त चाललंय, हे खलाशांच्या तोंडून ऐकावं एवढाच हेतू. तासभर तसं झालंही. बोटीचा तांडेल केरू सुकाणूवरून म्हणाला, "आवाज कसा लोण्यासारखा!" मी नम्रपणे समुद्राकडे पाहिलं.

गणपतीपुळ्याच्या समोर आलो तेव्हा करपल्यासारखा वास आला. केरूनं गिअरबॉक्सला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पाठोपाठ शाफ्ट करकरायला लागला. त्यानं इंजिन बंद केलं.

"भाऊ, बघा काय ता."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी गुडघ्यावर बसलो, कान जवळ नेला, डोळे मिटले. इंजिन बंद असल्यामुळे काहीच ऐकू येणार नव्हतं, हे माझ्या लक्षात जरा उशिरा आलं. केरूच्या ते आधीच आलं होतं.

अर्ध्या तासानं गिअरबॉक्स गार झाला आणि शाफ्ट पुन्हा मोकळा फिरू लागला. वीस मिनिटं चाललो, पुन्हा तापून आवळला. मग परत फिरायचं ठरलं. गोणपाटं समुद्रात बुडवून गिअरबॉक्सवर घालायची, गार होईपर्यंत थांबायचं, मग वीस मिनिटं पुढं. गोणपाटं पिळायचं काम मी न सांगता अंगावर घेतलं. जाताना दीड तास लागलेल्या वाटेला येताना पाच तास लागले. शेजारून जाणाऱ्या एका बोटीनं ओढून न्यायला दोरी टाकू का विचारलं, तेव्हा केरूच्या आधी मीच ओरडलो, "नको, नको, आम्ही सावकाश चाललोय!"

येसूबाई जेटीवर उभ्या होत्या. रिकाम्या बोटीतून मी भिजलेला उतरलो. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दुकानात या बेअरिंगांचा पुस्तक आसंल," त्या म्हणाल्या. "चला, बघूया."

पुस्तक होतं. कंपनीनं दिलेलं, जाडजूड, इंग्रजी. ते मी वजनकाट्याखाली, काटा समतल राहावा म्हणून घातलं होतं. ओढून काढलं आणि धूळ झटकली. सी थ्रीचं पान सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी मनातल्या मनात वाचलं.

"मोठ्यान वाचा."

"सी थ्री म्हणजे," मी ओळीवर बोट ठेवून वाचू लागलो, "आतल्या गोळ्यांना नेहमीपेक्षा जास्त मोकळीक. चालताना तापून फुगणाऱ्या जागी वापरावं."

"आनि वर्ग?"

"वर्गाचं काही लिहिलेलं नाही, वहिनी."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मी कोल्हापूरला गेलो. व्यापाऱ्यानं सी थ्री समोर ठेवलं आणि सवयीनं माझा हात कानाकडे निघाला. तो मी खिशात घातला, भिंग मागितलं आणि अक्षरं वाचली. ते बेअरिंग बसल्यावर येसूबाई स्वतः बोटीवर आल्या, जयगडपर्यंत जाऊन येईतो गिअरबॉक्सवर मधूनमधून तळहात ठेवत राहिल्या. "कोमट हाय," एवढंच म्हणाल्या. मला पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

पण दहा वर्षांत मी किती जणांना नको तिथं घट्ट बेअरिंगं विकली होती! पंप, गिरण्या, बोटी. आठवेल तसा मी एकेकाकडे जाऊन चूक कबूल करू लागलो. शेवटचे हेदवीचे आप्पा गिरणीवाले. त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आप्पा, नवं आणलंय, फुकट बसवून देतो."

आप्पांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तापतंय खरं. म्हणून मी रोज दुपारी दोन तास गिरणी बंद ठेवतो. सगळ्या गावाला सांगितलंय, बेअरिंगला विसावा द्यायला रत्नागिरीच्या मयेकरानंच बजावलंय म्हणून. त्या वेळात मी जरा आडवा होतो." त्यांनी बेअरिंगची पुडी माझ्या पिशवीत परत ठेवली. "आत बायको आहे, तिच्यासमोर काय बोलू नका. आणि चहा घेऊन जा."