इद्रीस नावाचे झाड

फेब्रुवारी १९८७ मध्ये गावकीच्या बैठकीत देवराईचा ठराव झाला. देवळावर स्लॅब टाकायचा आणि त्यासाठी राईतली झाडे कोळसेवाल्याला द्यायची. मात्र नाव असलेल्या झाडाला हात लावायचा नाही, कारण ते कुणाच्या तरी उपयोगाचे असणार. ही अट गोदाकाकींची. त्या गावाला औषधपाला देत. राई गेली की औषध गेले. नावे त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून गावचे प्रमुख, गावकर रावजींनी ती सांगायचे कामही त्यांनाच दिले. रावजींचे चुकले ते इथे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिपळूणचे कोळशाचे व्यापारी इद्रीसशेट तोडायच्या झाडांवर खूण करायला लाल रंगाचा डबा घेऊन आले. राईत एक गृहस्थ आधीच झाडाला टेप गुंडाळत होते. रत्नागिरीच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे पाध्ये सर.

"तुम्हीपण लाकूड घेता?" इद्रीसशेटनी विचारले.

"छे हो. घेर मोजतो. त्यावरून झाडात कार्बन किती साठलाय ते काढतो."

"कार्बन म्हणजे?"

"म्हणजे... कोळसाच म्हणा."

"मग एवढा त्रास कशाला? भट्टी लावतो, वजन करून सांगतो."

काकी पुढे, शेट ब्रश घेऊन मागे, त्यामागे वही घेऊन सर आणि शेवटी रावजी अशी वरात निघाली.

"ऐन. किंजळ, नांगराला. बेहडा, खोकल्याला. काजरा, इखारी हाय, पन नाव हाय."

दुपारपर्यंत एकेचाळीस जाती झाल्या. सर हरखून गेले. शेटचा ब्रश कोरडाच होता. मग काकींना ठाऊक असलेली नावे संपली. एका वाकड्या झाडापाशी त्या थबकल्या.

"ह्यो दादूचा सासरा."

"हे झाडाचं नाव?" सरांनी विचारले.

"त्यो हितंच टेकून बसायचा."

रावजी पुढे आले. "काकी, ह्ये चालायचं नाय."

"का? तुजं नाव कुनी ठेवलं? बारशाला मीच होते."

सरांनी 'दादूचा सासरा' लिहून घेतले.

राईच्या टोकाला शेवटचे झाड होते. सरळसोट, दोघांच्या कवेत न मावणारे, पान एकही नाही. सरांनाही ते ओळखू येईना. शेटनी ब्रश बुडवला.

"काकी, हे तरी माझं ना?"

काकी दगडावर बसल्या. हे एक पडले की ट्रकला वाट होणार आणि रावजी ती अट काढायला पुन्हा बैठक बोलावणार, हे त्यांना कळत होते. त्यांनी आधी झाडाकडे, मग शेटकडे पाहिले.

"ह्याचं नाव इद्रीस."

ब्रश हवेतच राहिला. "माझं?"

"सकाळपास्नं म्हातारीच्या मागं उन्हात फिरलास, एकदा चिडला नायस. ऱ्हाऊ दे तुज्या नावाचं एक झाड. तोडायचं तर तोड बाबा."

इद्रीसशेटनी झाड खालपासून वरपर्यंत पाहिले.

"माझ्याच नावाचं झाड तोडलं हे अम्मीला कळलं तर घरात घेणार नाही," म्हणत त्यांनी डब्याचे झाकण ठोकून बसवले.

देवळावर पुन्हा कौलेच चढली. दोन वर्षांनी सर मोजायला आले, तेव्हा वेळणेश्वरकडे जाणारी एक जीप राईपाशी थांबली. शेटनी आतूनच हाक मारली.

"सर, माझा घेर?"

"चार बोटं वाढला."

"आणि कोळसा?"

"तोही वाढला."

"बरं," शेट म्हणाले, "कुणा कोळसेवाल्याला सांगू नका."