झडपेवरचे दोन खिळे

मी झडप बोलतेय. खरं सांगायचं तर तोंड वर करून बोलावं असं मी काही केलेलं नाही. जाड लाकडी दारात, डोळ्यांच्या उंचीवर बसवलेली, वहीएवढी लोखंडी झडप. बाहेरून उघडते. माझा जन्म मनोरुग्णालयाच्या वर्कशॉपमधला.

तिथे सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. घरचे विसरून गेलेली माणसं माझ्यामागे म्हातारी झाली. काही कर्मचाऱ्यांचे हात उठलेले मी पाहिले आणि गप्प बसले. पण आमच्या वॉर्डात एक सेवक होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. कडीला हात लावण्याआधी ते मला उघडायचे, चेहरा दाखवायचे, मग दोन्ही पंजे समोर धरायचे. "मी मामा. हात रिकामे आहेत. येऊ का?" आतून हो आलं की मगच आत.

"मामा, पाहुणे आलात की ड्युटीवर?" नवे लोक खिदळायचे.

"अरे, घाबरलेल्या माणसाच्या अंगावर एकदम जाऊ नये," मामा म्हणायचे. त्यांच्या पाळीत कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मग रुग्णालय बंद झालं. रुग्णांना घरी न्या, औषधं जवळच्या दवाखान्यात मिळतील, असं सांगितलं गेलं. रुग्ण घरी गेले. दवाखाना काही उघडला नाही. खाटा, दारं, खिडक्या भंगारात निघाल्या.

भंगारवाल्याकडून मला दारासकट एका शिंपीणताईने घेतलं. तिचा दादा नऊ वर्षं माझ्याच मागे राहून घरी आला होता. गोळ्या संपल्या, आवाज पुन्हा सुरू झाले, आणि त्याने घरातलं पातळ दार लाथेने फोडलं. सुताराने मला बसवलं तेव्हा दादाने आतून मला चाचपलं. "अरे, तू?" म्हणाला. मला फार बरं वाटलं.

पण ताईची गिऱ्हाईकं बाहेरच्याच खोलीत माप द्यायला येत. एकीने बोट दाखवून विचारलं, "अगंबाई, हे तुरुंगासारखं काय?" ताईचा चेहरा पडला. त्याच संध्याकाळी तिने माझ्यात दोन खिळे ठोकले आणि वरून आरसा टांगला. दादा आतून ओरडत राहिला, "ताई, तेवढी उघडी ठेव गं!" तिने मशीन जोरात चालवलं.

आठवड्याभराने दुपारी आई जेवणाचं ताट घेऊन आली. ताट एका हातात, दुसऱ्या हाताने कडी काढून तिने खांद्याने दार ढकललं. आत दादा कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसला होता. त्याला आई दिसलीच नाही, कुणीतरी अंगावर येतंय एवढंच कळलं. त्याने स्टूल उचललं आणि मारलं. आईचं मनगट मोडलं. मामांची रीत मला ठाऊक होती आणि मी जागची हलले नाही. खिळे होते हे खरं, पण ती सबब सांगतानाही माझी मान खाली जाते.

"असल्या माणसाला घरात ठेवतात का?" शेजारी म्हणाले. दूरच्या मोठ्या रुग्णालयात जागा नव्हती. एका ठिकाणी ठेवून घेतात, पण साखळीने बांधतात, असं कुणीतरी सांगितलं. ताईने तिथेच न्यायचं ठरवलं आणि धरायला सोबत हवी म्हणून दादाच्या वॉर्डातल्या मामांना बोलावलं.

मामा आले. दाराकडे बघून थबकले.

"हिच्यावर आरसा कुणी लावला?"

"मी," ताई म्हणाली. "लोक बघतात हो मामा. लाज वाटते."

मामांनी आरसा उतरवला, पक्कड मागितली आणि खिळे उपसले. "गोळ्यांचं मी बघतो. उद्या याला घेऊन तालुक्याच्या डॉक्टरांकडे जाऊ. आधी आईला इकडे येऊ दे."

मामांनी शिकवलं तशी आई माझ्यासमोर उभी राहिली. मी करकरत उघडले. "मी आई," ती म्हणाली. "हात रिकामे आहेत रे. एक प्लास्टरमध्ये आहे." तिने दोन्ही हात समोर धरले.

दादा कोपऱ्यातून उठून माझ्यापाशी आला.

"ते मी केलं?" दादाने विचारलं.

आईने खोटं बोलायला तोंड उघडलं, पण तिला जमलं नाही. "हो," ती म्हणाली. "येऊ का?"

मग माझ्यातून दोन हात बाहेर आले. बोटं पसरलेले. "माझेही रिकामे आहेत, आई. बघून घे. मग ये."

साखळीच्या जागेचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. दादा गोळ्या घेतो. काही दिवस बरे जातात, काही नाही. आरसा आता समोरच्या भिंतीवर आहे. ताई रोज मला उघडते, हात दाखवते, विचारते. माझ्या अंगावर खिळ्यांची दोन भोकं तशीच आहेत. उघडताना तिचं बोट त्यांच्यावरून जातं, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळतो.