दाढेची कृपा

आमच्या ह्यांची दाढ सडली, गाल टम्म फुगला आणि नेमकं तेव्हाच रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल खाली आलेलं. झालं! माकडाच्या हाती कोलीत. एवढं पथ्य करून जे जमलं नाही ते एका किडक्या दाढेनं करून दाखवलं, असं ह्यांनी जाहीर केलं. दाढ काढायची नाही. औषधसुद्धा नाही. सूज उतरली तर?

ह्यांचे थोरले भाऊ हृदयविकारानं बसल्या जागी गेले. तेव्हापासून ह्यांना त्या आकड्याची धास्ती. हे मला कळत होतं, म्हणून मी आधी गप्प बसले. पण घरात दाढेचंच राज्य सुरू झालं. थंड पाणी बंद, त्या बाजूनं चावणं बंद, मोठ्यानं हसणं बंद. मऊ लागतं म्हणून पावावर बोटभर लोणी मात्र चालू. सकाळी ह्यांच्याबरोबर फिरणारी मंडळी गाल बघायला येऊ लागली. त्यातल्या मास्तरांनी तर पाठीवरचं गळू फोडायचंच नाही असं ठरवलं आणि आमच्या खुर्चीच्या कडेवर बसून ते जपू लागले.

आमची लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. तिनं कपाळावर हात मारला. बापाला समजावलं, की सूज आली की यकृत सीरम ॲमिलॉइड ए नावाचं प्रोटीन भराभर रक्तात सोडतं. ते चढतं चांगल्या कोलेस्टेरॉलच्या गाडीवर. रक्तवाहिन्यांतली चरबी उचलणारी कचरागाडीच ती. भटाला दिली ओसरी, तसं हे प्रोटीन पसरतं आणि गाडीवरच्या मूळ प्रोटीनलाच खाली ढकलतं. मग गाडी फिरते, पण कचरा नीट उचलला जात नाही. सुजेत आकडे असेच फसवे उतरतात, चांगल्याचाही उतरलाय तो बघा, म्हणाली.

गाडीवर पाहुणे आलेच आहेत तर राहू देत, हे म्हणाले. माझं डोकंच फिरलं.

त्यातच शिवताना माझ्या अंगठ्यात सुई घुसली. अंगठा सुजला, ठणकू लागला. मी मलमाला हात लावला नाही. ह्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, माझंही कोलेस्टेरॉल जास्तच आहे, बघू या अंगठ्याला यश येतं का. लाली मनगटाकडे सरकली, ताप भरला, तसे हे मला दवाखान्यात न्यायला चपला घालून दारात उभे राहिले.

"वेड लागलंय का तुला? अशानं माणूस जातो!"

"जाऊ दे. आकडा तर चांगला येईल."

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. चपला न काढताच खाली बसले. गालावर हात ठेवून म्हणाले, "मला दादासारखं जायचं नव्हतं गं."

पण मी बधले नाही. आधी दाढ, मग अंगठा, असं बजावलं. आधी अंगठा, म्हणून हे हटून बसले. शेवटी दाढ काढायची शपथ घ्यायला लावली, तेव्हाच मी अंगठा दाखवायला निघाले.

दाढ निघाली, सूज पार ओसरली आणि लेकीनं पुन्हा रक्त तपासलं. आकडा होता तिथं परत चढला होता. ह्यांनी तो बराच वेळ बघितला.

"हा खरा ना?"

लेक खरा म्हणाली, आता गोळी सुरू करू या म्हणाली.

"मग आता घाबरायला हरकत नाही," हे म्हणाले, आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच ढसाढसा रडले.