देवळातला शिडाचा पडदा

मित्रांनो, पडदा म्हटला की तुम्हाला नाटक आठवत असेल. मी नाटकाचा पडदा नाही. कल्याणच्या खाडीकाठी एका लहान गावात देवळात शाळा भरायची, त्या शाळेतला मी जुना पडदा आहे.

देऊळ ख्रिस्ती लोकांचे होते. पण आमच्या गावचे ख्रिस्ती त्याला देऊळच म्हणत आणि शेजारचे हिंदू कोळीही देऊळच म्हणत. दुसरा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. गावात तेवढीच एक मोठी खोली. म्हणून रविवारी तिथे प्रार्थना व्हायची आणि इतर दिवशी चौथीपर्यंतची शाळा.

त्याआधी मी शीड होतो. दामाजी कोळ्याच्या होडीवर वारा पिऊन फुगायचो. एक्याऐंशी साली शाळेचे इनास मास्तर त्याच्याकडे आले. ते स्वतः ख्रिस्ती.

"दामाजी, वेदीसमोर पोरं फार दंगा करतात रे. एखादं जाडंभरडं कापड दे, झाकून टाकू."

"शीडच न्या ना. होडीला आता मशीन बसवलाय," दामाजी म्हणाला. "पन मास्तर, आमची पोरं-नातवंडं हितंच शिकतील ना?"

"देऊळ उभं आहे तोवर शिकतील," मास्तरांनी शब्द दिला.

दामाजीने स्वतः मला जाड सुईने शिवले. दर सोमवारी मुले मला ओढून वेदी झाकत आणि म्हणत, "देवा, तू झोप, आमी पाढे म्हनतो." त्या आरडाओरड्यात कोणता देव झोपणार! मास्तर हसायचे. मुले शाईची बोटे मला पुसायची. मला तो माझा मान वाटे.

पुढे गावाभोवती इमारती उठल्या. चौऱ्याण्णव साली देवळाच्या मंडळींनी मागच्या जागेत इंग्रजी शाळा बांधली. जुनी शाळा बंद होणार होती. आपलीच मुले तिथे जाणार, या समजुतीने कोळणींनीही डोक्यावरून रेती वाहिली. दामाजीची सून शेवंती त्यांत होती. तिच्या सगुणाला सहावे लागले होते. दुसरी शाळा होती ती रेल्वेच्या रुळांपलीकडे, आणि तिथे ना पूल होता ना फाटक. सगुणाला इथेच प्रवेश मिळायला हवा होता.

मुलाखती माझ्यासमोरच झाल्या. नव्या मुख्याध्यापिका चित्राबाई डोंबिवलीहून येत. शेवंती मासळीची पाटी बाहेर ठेवून आत आली. दामाजी भिंतीला टेकला. इनास मास्तर आता निवृत्त होते, पण नव्या शाळेच्या समितीवर त्यांना घेतले होते. ते बाईंशेजारी बसले होते.

"बाळ, आपण आत्ता कुठे बसलोय?" बाईंनी आधी इंग्रजीत विचारले, मग मराठीत.

"देवलात," सगुणा म्हणाली.

बाई हसल्या. "देऊळ नाही गं, चर्च! एवढंही घरी शिकवलं नाही?"

"आमी देऊलच बोलतो, बाई," शेवंती म्हणाली.

मास्तर पुटपुटले, "आम्हीसुद्धा देऊळच म्हणतो."

"मास्तर, ते तुमच्या वेळचं झालं. आणि घरात कोणाला इंग्रजी येत नाही. मुलगी टिकणार कशी? नाही जमायचं."

"मास्तर, बोला ना! तुमी शब्द दिलेला," दामाजी म्हणाला.

मास्तरांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "दामाजी, तुझं शीड हवं तर घेऊन जा."

"होडी कवाच इकली. खाडीत मासा नाय राह्यला," दामाजी म्हणाला. "शीड नेऊन काय करू? पोरीला पडदा नेसवू?"

शेवंतीने सगुणाचा हात धरला आणि पाटी उचलली.

पुढचे मला देऊळ झाडणाऱ्या भीमाबाईकडून कळले. सगुणा काही महिने रुळांपलीकडे गेली. मग तिथे गावातली एक म्हैस गाडीखाली आली आणि शेवंतीने लेकीला घरीच ठेवले. आता शहाड स्टेशनाबाहेर मायलेकी मासळी घेऊन बसतात. नव्या शाळेत कोळ्याचे एकही मूल नाही. मला काढून सिमेंटच्या पोत्यांवर टाकले आहे. उंदीर मला कुरतडतात.

मित्रांनो, मला धुऊन पुन्हा टांगा, असे मी म्हणणार नाही. कापडाचे आयुष्य तेवढेच. पण तुम्ही मोठे व्हाल, कोणी शाळा काढाल, कोणी शिकवाल. दारात आलेल्या मुलीला काय येते, हे विचारण्याआधी तिला आत बसवा. तिला सगळे येत असते, तर ती शाळेत कशाला आली असती?