जिन्यावरचा श्वास

ऊर्मीने आपल्या आजोबांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. ती पोटात असतानाच आबांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली, स्वरयंत्र काढावं लागलं. आणि संगीत नाटकांत उमेदीची सगळी वर्षं गायलेले काशिनाथ चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये लेकीकडे, ऋजुताकडे, मुक्याने राहायला आले. नातीला झोपवताना ते नुसते थोपटत. ओठ मात्र हलत असत.

त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट होती. त्या जुन्या नाटकावर सिनेमा काढणारी मंडळी ती घेऊन गेली होती. "पद तुमच्याच आवाजात ठेवू, आबा," असं सांगून. कॅसेट काही परत आली नाही, फोनही लागेनासे झाले. त्यामुळे सिनेमा चेन्नईत लागतोय, रविवारी सकाळी एकच खेळ आहे, असं कळलं तेव्हा ऋजुता नाचायचीच बाकी राहिली.

"एवढंसं पोर थिएटरात? कान फुटतील तिचे," तिचा नवरा मंदार म्हणाला.

"तिच्यासाठीच तर जायचंय. तू आपला झोप काढ."

सोबत शेजारच्या विजयलक्ष्मीमामी निघाल्या. त्या तंजावरकडच्या, त्यांच्या मराठीत निम्मं तमिळ. आबांनी इस्त्रीचा झब्बा घातला, कानात अत्तराचा फाया ठेवला. जणू प्रयोगच होता.

पडद्यावर खराखुरा राजवाडा उभा राहिला. हत्ती, कारंजी, काय नि काय!

"आबा, तुमचा राजवाडा तर कापडावर रंगवलेला होता ना?" ऋजुताने विचारलं.

आबांनी हसत हात हलवून दाखवला. वाऱ्याने तो राजवाडा असा फुगायचा म्हणे.

"कां ग, आबांचा पाट्टु केव्हां?" मामी कुजबुजल्या. "गाणं यायच्या आधीच मला झोप लागेल की!"

आणि पद सुरू झालं. नाटकात मागे एकटा ऑर्गन असायचा, इथे व्हायोलिनांचा ताफाच होता. ऋजुताने ऊर्मीच्या कानांतला कापूस काढला, तिला मांडीवर उभं धरलं.

आवाज गुळगुळीत होता. तरुण. आबांचा नव्हता.

ऋजुताला आबांकडे बघायचा धीर होईना. आता ही पोर कुठून ऐकणार त्यांना?

तेवढ्यात एका ओळीच्या मध्यावर, शब्द अर्धाच म्हणून, गाणाऱ्याने श्वास घेतला. ऋजुता दचकली. ही जागा आबांची! रंगमंचावर हे पद राजवाड्याचा लाकडी जिना चढत चढत म्हणायचं असे. वरची पायरी उंच होती. तिथे धोतर सावरून पाय उचलताना आबांचा दम तुटायचा. लोकांना वाटे, विरहाने कंठ दाटला. आख्खं नाट्यगृह हळहळायचं. पडद्यावरचा राजपुत्र मात्र आरामात झोपाळ्यावर बसला होता. त्याला चढायला एक पायरीसुद्धा नव्हती. तरी श्वास तिथेच तुटला, पुढच्या कडव्यातही तिथेच. कुणीतरी ती कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकून आबांना टाका टाका उसवून घेतलं होतं. आणि मग आबांनाच बाहेर ठेवलं होतं.

आबांचं बोट खुर्चीच्या हातावर ताल धरून होतं. ते थांबलं.

"आबा, तुम्हीच ना हे?" मामींनी वाकून कौतुकाने विचारलं.

आबांनी ऋजुताकडे पाहिलं. ती ऊर्मीचं झबलं सारखं करत राहिली. तिला कळलेलं नाही असंच त्यांना वाटलं असावं, किंवा तसं वाटून घ्यायचं असावं. त्यांनी मान डोलावली. हो. मीच.

"अय्यो, काय गोड!" मामींनी दोन्ही हातांनी त्यांची दृष्ट काढली.

ऋजुताने लेकीला पडद्याकडे वळवलं. "ऐकलंस का बाळा? आबा गातायत हं."

पण नाटकात वन्समोअर घेत घेत रंगणारं ते पद सिनेमाने दोन कडव्यांतच आटोपलं होतं. पडद्यावर घोडे दौडत होते, आणि ऊर्मी त्यांच्याकडे बघून खिदळत होती.