श्रुतिकाच्या नावाची फळी

मित्रांनो, त्या संध्याकाळी हॉलच्या लादीवर पस्तीस फळ्या मांडलेल्या होत्या. हव्या होत्या छत्तीस. एकीच्या मधोमध गाठ निघाली म्हणून ती बाद झाली होती. आणखी एक फळी त्याच हॉलच्या दाराखाली अडकवलेली होती, पण तिला कुणी मोजलंच नव्हतं. ती मी.

मी पाइनच्या लाकडाची एक जुनी फळी आहे. चोवीस सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि पंधरा मिलिमीटर जाड. घाटकोपरच्या एका वखारीत एका लांब फळीचे करवतीने चौकोन केले, तेव्हा माझा जन्म झाला. तिथून आम्हाला मुलुंडच्या एका तायक्वांदोच्या क्लासने विकत आणलं. इतर फळ्यांची कपाटं होतात, पाट होतात, त्या वर्षानुवर्षं टिकतात. आमचं काम उलटं आहे. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत मुलांनी आम्हाला एका फटक्यात तोडायचं असतं. तुटलेली फळी मुलं घरी नेतात आणि काचेच्या कपाटात मांडून ठेवतात. आमच्यात अखंड राहण्याला मान नाही.

गेल्या वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी क्लासच्या श्यामसुंदर सरांना वाटलं, प्रत्येक फळीवर मुलाचं नाव असावं. श्रुतिकाचे आजोबा, दत्ताराम, तिला घरी न्यायला आले होते. गिरणीत असताना ते गणपतीतले फलक रंगवायचे.

"सर, माजा अक्षर बरा आसा," ते म्हणाले. "मी लिवतंय."

ढिगातली एकेक फळी समोर घेत त्यांनी सगळी नावं लिहिली. नातीचं नाव मात्र त्यांनी शेवटी ठेवलं. मला उचलून ते खिडकीपाशी बसले, उजेड बघून त्यांनी मला मांडीवर वळवलं आणि सावकाश, जीव ओतून 'श्रुतिका' लिहिलं. खाली एक नाजूक वेलही काढली. बघणाऱ्यांनी वाहवा केली आणि मी फुलून गेले.

मित्रांनो, लाकडात रेषा असतात. झाड ज्या दिशेने उंच वाढलं, त्या दिशेने त्या जातात. फळी या रेषांच्या बाजूने चटकन दुभंगते. रेषा आडव्या तोडायला गेलं, तर पैलवानही घामाघूम होतो. बाकीच्या फळ्यांवर नाव रेषांच्या बाजूने पडलं होतं. मांडीवर वळवल्यामुळे माझ्यावर ते रेषांना काटकोनात पडलं. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, आणि मला तर बोलता येत नव्हतं.

परीक्षेत क्लासच्याच सौरभ आणि सर्वेशने मला वरच्या आणि खालच्या कडेला घट्ट धरलं. फोटोत नाव नीट वाचता यावं म्हणून सौरभने मला आधी सरळ केलं. नाव सरळ झालं आणि माझ्या रेषा उभ्या झाल्या; वर-खाली धरलेली फळी तर मधोमध आडवी तुटते. श्रुतिकाने ओरडून तळहात मारला. मी हलले, पण तुटले नाही. तिने पुन्हा मारला. तिसऱ्या फटक्याला तिचा हात सुजला आणि माझ्यावर नुसता एक खळगा पडला. ती रडली नाही. हात पाठीमागे लपवून तिने परीक्षकांना वाकून नमस्कार केला. मला ते रडण्यापेक्षा जड गेलं.

त्यानंतर वारा आला की हॉलचं दार आपटायचं, म्हणून मला दाराखाली अडकवलं. माझ्यावर चपला आल्या, चहाचे पेले आले. वेलीचा रंग उडाला. श्रुतिका क्लासला येत राहिली, पण "माझ्या हातात जोरच नाही" असं रोज कुणाला तरी सांगायची. या वर्षी तिने सरांना स्पष्टच सांगितलं, "सर, शेवटचं बसते. आता नाही जमलं तर क्लास बंद."

या वर्षी फळ्यांचं काम गंधालीताईकडे होतं. ती याच क्लासची ब्लॅक बेल्ट, नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. तिने प्रत्येक फळीची जाडी मोजली, गाठी तपासल्या आणि छत्तिसावी शोधत ती दारापाशी आली. मला उचलून तिने पुसलं. नाव बघितलं, खळगा बघितला आणि मग माझ्या रेषांवरून हळूच बोट फिरवलं. वर्षभरात मला कुणी असं बघितलं नव्हतं.

"श्रुतिका, इकडे ये गं."

"ताई, ती नको हां! त्या फळीने माझी वाट लावली."

"फळीने काही केलं नाही. हिला धरलं होतं कसं?"

"सरळ! फोटो कसला झकास आला होता," सौरभ मधेच म्हणाला.

"तू गप रे."

गंधालीताईने बाद फळीतून दोन पट्ट्या कापून घेतल्या. एक रेषांच्या बाजूने लांब, दुसरी रेषांना आडवी कापलेली. "मोड," ती म्हणाली. आडवी कापलेली पट्टी श्रुतिकाच्या बोटांत चिक्कीसारखी कटकन मोडली. दुसरी तिने गुडघ्यावर दाबली, सौरभने दाबली. ती नुसती वाकली.

श्रुतिकाने मला हातात घेतलं. "म्हणजे माझ्या हातात जोर होता?"

"ते मला माहीत नाही," गंधालीताई म्हणाली. "गेल्या वर्षी ते मोजलंच गेलं नाही. उद्या बघू."

दारात उभ्या आजोबांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे ह्या माज्यामुळाच झाला."

"नाही हो आजोबा," श्रुतिका त्यांचा हात धरत म्हणाली. "नाव तुम्ही मस्त लिहिलंय. मी हीच फळी घेणार."

मित्रांनो, कुणाला एखादी गोष्ट जमली नाही, तर त्याला दुबळं म्हणण्याआधी जरा वाकून बघा. वस्तू असो की माणूस, त्याच्या रेषा कुठे जातात ते बघा, आणि मगच हात लावा. माझं एवढंच मागणं आहे.

दुसऱ्या दिवशी श्रुतिकाचं नाव पुकारलं गेलं. सर्वेशने माझी खालची कड धरली. सौरभने मला घेतलं आणि सवयीने, पालकांचे मोबाइल वर आलेले बघून, नाव सरळ केलं. श्रुतिकाने श्वास घेतला. तेवढ्यात मागच्या खुर्च्यांतून आवाज आला.

"अरे सौरभा, नाव आडवा धर! फोटो गेलो खड्ड्यात!"

सगळा हॉल हसला. परीक्षकही हसले. सौरभने जीभ चावली आणि मला वळवलं. आजोबांनी जीव ओतून लिहिलेलं नाव आडवं झालं, रेषा आडव्या झाल्या. श्रुतिका मात्र हसली नव्हती. तिने माझ्यावरच्या जुन्या खळग्यावर तळहात टेकवून अंतर घेतलं. तिने हात मागे घेतला.

मग तो आला.

गंधालीताईने दोन्ही तुकडे लादीवर शेजारी ठेवले आणि मोजपट्टी लावली. 'श्रुति' लिहिलेला तुकडा बारा सेंटिमीटर तीन मिलिमीटर. 'का' लिहिलेला अकरा सेंटिमीटर सात मिलिमीटर. फटका एक.